दोन आडनावांत विखुरलेले संशोधन: प्रकाशन-नोंदी जुळवण्याचे खानदेशातील एक प्रकरण

सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या उत्तरेला असलेल्या एका तालुक्याच्या गावी वरिष्ठ महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका प्राध्यापिकेच्या प्रकाशनांच्या ऑनलाइन नोंदी आम्ही ग्रंथालयाच्या वतीने जुळवून दिल्या, त्या कामाचा हा वृत्तांत आहे. तो त्यांच्या संमतीने लिहीत आहे. ओळख उघड होऊ नये म्हणून महाविद्यालयाचे नाव गाळले असून आडनावे बदलली आहेत. हेच प्रकरण निवडण्याचे कारण असे की, जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील प्राध्यापकांच्या बाबतीत ज्या अडचणी सुट्या सुट्या दिसतात, त्या जवळजवळ सगळ्या येथे एकत्र आल्या होत्या.

मॅडमचा विषय लोकवनस्पतिशास्त्र. सलईची राळ, धावड्याचा डिंक, मोहाची फुले, अंजनाचा पाला यांचा उपयोग पावरा, भिल्ल आणि तडवी वस्त्यांवर कोण कशासाठी करते, याची टिपणे त्या दोन दशकांहून अधिक काळ घेत आल्या आहेत. त्यांचे इंग्रजी शोधनिबंध देशातल्या आणि काही परदेशी नियतकालिकांत आले. मराठी लेख महाविद्यालयीन आणि संस्थांच्या नियतकालिकांत आले. काही लेखन परिषदांच्या प्रोसिडिंगमध्ये, तर थोडे संपादित पुस्तकांतील प्रकरणांच्या रूपाने छापले गेले. पीएच.डी. जळगावच्या विद्यापीठाची, आणि ती लग्नापूर्वीच्या नावावर.

काम सुरू होण्याचे तात्कालिक कारण पदोन्नतीचे होते. सहयोगी प्राध्यापक पदावरून प्राध्यापक पदावर जाण्यासाठी कॅसचा, म्हणजे करिअर अॅडव्हान्समेंट स्कीम या पदोन्नती योजनेचा, प्रस्ताव करताना प्रत्येक शोधनिबंधाचा पुरावा आणि शक्य तेथे त्याचा दुवा द्यावा लागतो, आणि तो देता येईना. परंतु मॅडमना अधिक लागलेली गोष्ट वेगळी होती. नंदुरबार जिल्ह्यात याच विषयावर काम करणाऱ्या एका तरुण संशोधकाने आपल्या प्रबंधाचा आराखडा त्यांच्याकडे वाचायला पाठवला, तेव्हा त्यात त्यांच्या एकाही मराठी लेखाचा उल्लेख नव्हता. त्या मुलाने टाळाटाळ केलेली नव्हती; त्याने मनापासून शोध घेतला होता आणि त्याला काही सापडले नव्हते. धडगाव-अक्राणी भागातील ज्या वनस्पतींची नावे आणि उपयोग मॅडमनी आधीच छापून ठेवले होते, ते गोळा करायला तो पुन्हा पायपीट करणार होता.

नाव कोणते धरायचे?

पहिल्या बैठकीत आम्ही चार ठिकाणी शोध घेतला. गुगल स्कॉलर या संशोधनपर लेखनाच्या शोधयंत्रावर मॅडमचे प्रोफाइल होते, पण त्यात पॉलिमर रसायनशास्त्र आणि दुग्धव्यवसायावरचेही निबंध दिसत होते. स्कोपस या वर्गणीवर चालणाऱ्या शोधनिबंध-सूचीमध्ये त्यांच्या नावाचे दोन वेगळे लेखक-क्रमांक होते. संशोधकांना ओळख-क्रमांक देणाऱ्या ऑर्किडवरही दोन खाती निघाली: एक त्यांनी स्वतः उघडलेले, दुसरे एका नियतकालिकाकडे निबंध पाठवताना घाईने उघडलेले. शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारात प्रबंध होता, पण तो तिसऱ्याच कोणाचा असावा असे वाटावे अशा नावाने.

या सगळ्याच्या मुळाशी मराठी नावाची रचना आहे. आपल्याकडे स्वतःचे नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव, आणि शेवटी आडनाव अशी पद्धत आहे. लग्नानंतर नाव बदलणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत मधले नाव आणि आडनाव दोन्ही बदलतात आणि फक्त पहिले नाव कायम राहते. इंग्रजी नियतकालिके नेमके तेच नाव एका अद्याक्षरात आवळून टाकतात. म्हणजे लेखिकेची ओळख सांगणारा जो एकमेव स्थिर भाग, तोच छपाईत नाहीसा होतो. माहेरचे चौधरी आडनाव इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिले गेले होते, कारण प्रत्येक संपादकाने आपल्या सवयीप्रमाणे स्पेलिंग केले. सासरचे पाटील आडनाव तर खानदेशात गल्लोगल्ली आहे. एक अद्याक्षर आणि पाटील एवढ्या भांडवलावर कोणतेही यंत्र माणूस ओळखू शकणार नाही. पुरुष प्राध्यापकांनाही हा त्रास होतो, पण स्त्रियांचे पूर्वायुष्यातले संशोधन त्यांच्या नावापासून सरळ तुटते, आणि या अन्यायाकडे महाविद्यालयांनी आजवर पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

यात संस्थेच्या नावाचीही भर पडली. १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून स्थापन झालेल्या विद्यापीठाला २०१८ मध्ये कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव देण्यात आले. त्यामुळे मॅडमच्या जुन्या निबंधांखाली एक विद्यापीठ छापलेले आहे आणि नव्या निबंधांखाली दुसरे. ज्याला ही पार्श्वभूमी ठाऊक नाही, त्याला या दोन संस्था आणि म्हणून दोन व्यक्ती वाटणे स्वाभाविक आहे. २०१९ मध्ये सुरू झालेली आरओआर ही संशोधन संस्थांची खुली नोंदवही संस्थेची जुनी-नवी नावे एकाच क्रमांकाखाली ठेवू शकते. म्हणून कोठेही संस्थेचे नाव भरताना ते हाताने टंकण्यापेक्षा समोर येणाऱ्या यादीतून निवडणे चांगले.

जुन्या निबंधांवरचे नाव बदलून घ्यावे का, असा प्रश्न मॅडमनी विचारला. आम्ही तसे न करण्याचा सल्ला दिला. जे छापले गेले ते ज्या नावाने छापले गेले त्याच नावाने उद्धृत होत राहणार. शोधगंगेवरचा प्रबंधही ज्या नावाने पदवी मिळाली त्याच नावाने असणे योग्य आहे. नावे तशीच ठेवून ती सर्व एका क्रमांकाला बांधणे हा मार्ग अधिक सरळ आणि अधिक प्रामाणिक होता.

एक मूळ यादी

कोणत्याही संकेतस्थळावर हात घालण्यापूर्वी आम्ही कागदावरून सुरुवात केली. मॅडमच्या घरी एका लोखंडी कपाटात ऑफप्रिंट, स्वीकृतीची पत्रे, प्रोसिडिंगचे जाडजूड खंड आणि जुन्या पेन ड्राइव्ह होत्या. त्या सगळ्यांवरून एक तक्ता तयार केला: शीर्षक छापले आहे तसे, लेखकाचे नाव छापले आहे तसे, सहलेखक, वर्ष, खंड, अंक, पृष्ठे, आयएसएसएन (नियतकालिकाचा क्रमांक) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक), असल्यास डीओआय (लेखाचा कायमचा ऑनलाइन क्रमांक), आणि मूळ प्रत कोठे आहे. ‘छापले आहे तसे’ ही अट कटाक्षाने पाळली, कारण शीर्षक थोडे जरी सुधारून लिहिले की तोच निबंध दोन ठिकाणी दोन वेगळे निबंध म्हणून दिसू लागतो.

डीओआय तपासण्याचे काम या टप्प्यावर झाले आणि त्यातून धक्कादायक गोष्ट पुढे आली. १० या आकड्याने सुरू होणारा हा क्रमांक नियतकालिकाने छापला म्हणजे तो नोंदवलेला असतोच असे नाही. प्रकाशकाने तो क्रॉसरेफसारख्या नोंदणी संस्थेकडे प्रत्यक्ष नोंदवावा लागतो. मॅडमच्या काही निबंधांवर छापलेले क्रमांक टाकले असता असा डीओआय अस्तित्वात नाही, असेच उत्तर आले. संबंधित प्रकाशकांना पत्रे लिहिली. एकाने नोंदणी केली, बाकीच्यांनी उत्तर दिले नाही. जेथे क्रमांक मृत निघाला तेथे तो यादीतून काढून खंड, अंक आणि आयएसएसएन यांवरच भिस्त ठेवली. चुकीचा दुवा देण्यापेक्षा दुवा नसणे बरे, कारण छाननी करणारा एका दुव्यावर अडला की पुढच्या सगळ्या दुव्यांकडे संशयाने पाहतो.

ऑर्किडपासून सुरुवात का केली

२०१२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेली ऑर्किड ही सेवा संशोधकाला सोळा स्थानांचा कायमचा क्रमांक विनामूल्य देते. त्यातले शेवटचे स्थान तपासणीसाठी असते आणि तेथे अंकाऐवजी एक्स हे अक्षरही येऊ शकते. नाव बदलले, नोकरी बदलली, निवृत्ती आली तरी हा क्रमांक तोच राहतो. गुगल स्कॉलर हे यंत्राने वेचलेले चित्र आहे आणि स्कोपस फक्त स्वतः निवडलेल्या नियतकालिकांपुरते पाहते. ऑर्किडवरची नोंद मात्र लेखकाच्या हातात असते. म्हणून मूळ यादी आधी तेथे पोहोचवायची आणि बाकीच्या ठिकाणी तिच्यावरून दुरुस्ती करायची, असे ठरले.

दोन खात्यांचा प्रश्न आधी सोडवावा लागला. ऑर्किडवर दुय्यम खाते रद्द करता येते आणि त्याचा क्रमांक मुख्य खात्याकडे वळवला जातो, पण रद्द होणाऱ्या खात्यातील मजकूर मुख्य खात्यात आपोआप येत नाही. हे ठाऊक नसेल तर नोंदी कायमच्या जातात. आम्ही दुसऱ्या खात्यातील निबंध आधी मूळ यादीशी ताडून पाहिले, मुख्य खात्यात भरले आणि त्यानंतरच ते रद्द केले.

इतर नावांच्या रकान्यात माहेरचे संपूर्ण नाव, चौधरीची तिन्ही स्पेलिंगे आणि देवनागरीतील दोन्ही नावे घातली. हा रकाना बहुतेकांचा रिकामा असतो, आणि या प्रकरणात सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला. डीओआय असलेले निबंध क्रमांक टाकताच संपूर्ण तपशिलासह आले; बाकीचे हाताने भरले. दृश्यमानता ‘सर्वांसाठी’ अशी ठेवली, कारण फक्त स्वतःला दिसणारी नोंद शोधणाऱ्याच्या दृष्टीने नसल्यासारखीच असते. क्रॉसरेफला नोंद भरण्याची परवानगीही देऊन ठेवली. त्यामुळे पुढे निबंध पाठवताना मॅडमनी आपला क्रमांक दिला आणि प्रकाशकाने तो डीओआयच्या नोंदणीत घातला की नवी नोंद आपोआप येते.

ईमेलचा मुद्दा बारीक वाटतो, पण त्याबाबत गाफील राहू नये. खात्याला महाविद्यालयाचा ईमेल जोडलेला होता, आणि निवृत्तीनंतर तो बंद होतो. तेवढा एकच पत्ता असेल तर पासवर्ड विसरल्यावर स्वतःच्याच खात्याचे दार बंद होते. म्हणून वैयक्तिक पत्ताही जोडला. उलट गुगल स्कॉलरवर संस्थेच्या पत्त्याची पडताळणी झाल्याशिवाय प्रोफाइल शोधात दिसत नाही, आणि मॅडमनी तेथे खासगी पत्ता दिलेला होता. एवढ्या एका कारणाने त्यांचे प्रोफाइल इतकी वर्षे कोणाच्या नजरेस पडले नव्हते.

परक्या निबंधांची वजाबाकी

गुगल स्कॉलरवर काम सुरू करताना मॅडमनी पहिली अट घातली की, आपले राहिलेले निबंध नंतर जोडा, आधी दुसऱ्यांचे काढा. यामुळे उद्धरणांची संख्या घटणार होती आणि २००५ मध्ये हर्श यांनी सुचवलेला, उद्धरणांवरून काढला जाणारा एच-इंडेक्स हा निर्देशांकही खाली येणार होता, तोही नेमका पदोन्नतीच्या तोंडावर. तरीही त्यांनी क्षणभर विचार केला नाही. मला त्यांच्याविषयी फार आदर वाटला, आणि तो येथे नोंदवणे मला कर्तव्य वाटते.

हे परके निबंध आले कसे, हेही समजून घेतले पाहिजे. प्रोफाइल उघडताना निबंध आपोआप भरावेत की आधी विचारावे, असा पर्याय असतो. सामान्य आडनावाच्या लेखकाने पहिला पर्याय निवडला की यंत्र नावसाधर्म्यावरून भर घालत राहते. आम्ही तो बदलून ‘आधी ईमेलने विचारा’ असा केला. एकाच निबंधाच्या दुहेरी नोंदी एकत्र केल्या, आणि माहेरच्या नावाचे निबंध शीर्षकाने शोधून एकेक करून जोडले. स्कोपसमधील दोन लेखक-क्रमांक एकत्र करण्याची विनंती त्यांच्याच लेखक-दुरुस्तीच्या सोयीतून, वर्गणी नसतानाही, करता आली. इन्फ्लिबनेटच्या विद्वान या तज्ज्ञ-सूचीतली नोंद शेवटी घेतली. मूळ यादी हातात असल्यामुळे तिला फारसा वेळ लागला नाही.

मराठी लेख

येथवरचे काम चिकाटीचे होते, पण अवघड नव्हते. खरी कसोटी मराठी लेखांनी पाहिली. इंग्रजी निबंधाच्या नोंदीचे निम्मे काम यंत्रे करतात. मराठी लेखाच्या नोंदीचे काम कोणीच करत नाही, आणि ते लेखकाने किंवा ग्रंथालयाने केले नाही तर राहून जाते.

मॅडमचे बरेचसे मराठी लेख युनिकोड ही सर्व लिप्यांसाठीची समान संगणकीय पद्धत रूढ होण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये जुळवलेले होते. पीडीएफ उघडली की देवनागरी अक्षरे स्वच्छ दिसतात, पण एक ओळ निवडून दुसरीकडे चिकटवली की रोमन अक्षरे आणि चिन्हे यांची निरर्थक माळ समोर येते. शोधयंत्राला ती माळच दिसते. ‘मोह’, ‘पळस’, ‘सातपुडा’ यांपैकी कोणताही शब्द टाकून असा लेख जगात कोणालाही सापडणार नाही, मग तो संकेतस्थळावर दहा वर्षे का असेना. नंदुरबारच्या त्या मुलाला लेख का सापडले नाहीत, याचे उत्तर येथे होते.

ज्या लेखांच्या मूळ फाइली मिळाल्या त्या रूपांतरकातून युनिकोडमध्ये आणल्या. ज्यांच्या फक्त छापील प्रती होत्या त्या स्कॅन करून गुगल ड्राइव्हच्या अक्षर-ओळख सोयीतून काढल्या. दोन्ही मार्गांत मुद्रितशोधन टळत नाही. रफार सरकतो, जोडाक्षरे तुटतात, आणि विशेषतः ‘शेतकऱ्यांच्या’ या शब्दातला अर्धा र घात करतो. हा र युनिकोडमध्ये दोन पद्धतींनी साठवला जातो; डोळ्यांना तो सारखाच दिसतो, पण अक्षर-अक्षर जुळवून पाहणाऱ्या शोधाला ते दोन वेगळे शब्द वाटतात. मॅडमच्या एका लेखाच्या शीर्षकातच हा शब्द होता. आम्ही सर्वत्र एकच पद्धत ठेवली आणि वनस्पतींची स्थानिक नावे मॅडमनी स्वतः एकेक तपासली, कारण अहिराणी आणि पावरी उच्चार तपासण्याची पात्रता त्या कामात दुसऱ्या कोणाची नव्हती.

पुढे प्रश्न होता लेख ठेवायचे कोठे. पहिले पाऊल म्हणून प्रत्येक नियतकालिकाच्या संपादकांची लेखी परवानगी घेतली. बहुतेकांनी आनंदाने दिली, एका ठिकाणी फक्त गोषवारा ठेवण्यास मान्यता मिळाली आणि आम्ही तेवढाच ठेवला. मग युरोपातील सर्न संस्थेने २०१३ पासून चालवलेल्या झेनोडो या खुल्या भांडारात लेख चढवले. तेथे प्रत्येक नोंदीला खरा, नोंदवलेला डीओआय मिळतो आणि भाषेच्या रकान्यात मराठी निवडता येते. शीर्षक मराठीतच ठेवले. वर्णनात मूळ प्रकाशनाचा संपूर्ण तपशील, इंग्रजी गोषवारा आणि वनस्पतींची शास्त्रीय नावे दिली. शास्त्रीय नावामुळे मराठी न जाणणारा संशोधकही लेखापर्यंत पोहोचतो. हा डीओआय पुनःप्रकाशित प्रतीचा आहे, मूळ अंकाचा नाही, हे प्रत्येक नोंदीत स्वच्छ लिहिले, नाहीतर एकाच लेखाचे दोन लेख दाखवल्याचा आक्षेप आला असता.

फाइली तयार करताना गुगल स्कॉलरच्या सूचनाही पाळल्या: फाइल पाच एमबीच्या आत, पहिल्या पानावर वरच्या बाजूला मोठ्या अक्षरांत शीर्षक, त्याखाली लेखकाचे नाव, आणि मजकूर निवडता येईल असा. आमचे पहिले स्कॅन या मर्यादेच्या कितीतरी पुढे गेले होते. काळ्या-पांढऱ्या रंगात आणि कमी घनतेने पुन्हा काढल्यावर ते बसले. गुगल स्कॉलरवर बदल उमटायला कित्येक महिने लागू शकतात, याची कल्पना मॅडमना आधीच दिली होती.

संशयास्पद नियतकालिकांचा प्रश्न

मूळ यादीत काही निबंध अशा नियतकालिकांतले होते, ज्यांची आज कोणी शिफारस करणार नाही. एके काळी गुणांच्या गणितापायी पैसे भरून छापण्याची लाटच आली होती आणि तिच्यातून फार थोडे प्राध्यापक सुटले. विद्यापीठ अनुदान आयोगाची दर्जेदार नियतकालिकांची केअर यादी २०१९ मध्ये आली आणि २०२५ मध्ये बंदही झाली. आता दर्जाची पारख करण्याची जबाबदारी पुन्हा संस्थांवर आली आहे. हे निबंध यादीतून वगळावेत, असे एका सहकाऱ्याने सुचवले. मला ते पटले नाही. संपूर्ण यादी म्हणजे जे छापले ते सर्व. त्यातून गैरसोयीचे गाळले तर ती संपूर्ण राहत नाही. आम्ही ते निबंध ऑर्किडवर ठेवले, पण प्रस्तावासाठीच्या निवडक यादीत घेतले नाहीत. त्यातील एका निबंधाची क्षेत्र-टिपणे मोलाची आहेत, आणि ती नव्याने, अधिक साहित्यासह, चांगल्या ठिकाणी लिहिण्याचे मॅडमनी ठरवले आहे.

सद्यस्थिती

कॅसच्या छाननीत प्रत्येक निबंधापुढे चालणारा दुवा किंवा छापील प्रत देता आली. नंदुरबारच्या संशोधकाने मराठी लेख वाचून आपल्या प्रश्नावलीतला मोठा भाग गाळला आणि मॅडमनी जेथे काम थांबवले होते त्या गावांपासून पुढची आखणी केली. ऑर्किडवर विश्वासू व्यक्तीला संपादनाचा अधिकार देता येतो; तो मॅडमनी ग्रंथालयाला दिला आहे, आणि नवा लेख छापून आला की त्याची प्रत व नोंद त्याच आठवड्यात आमच्याकडे द्यायची, असा शिरस्ता विभागाने स्वीकारला आहे. प्रबंध सादर करणाऱ्या विद्यार्थ्यांनाही आता निबंध पाठवण्यापूर्वी ऑर्किड क्रमांक काढून आणि नावाचे एकच इंग्रजी रूप ठरवून यायला सांगितले जाते. लग्नानंतर नाव बदलायचे की नाही हा त्यांचा प्रश्न, परंतु लेखनासाठीचे नाव तेच राहू शकते, हे मुलींना आवर्जून सांगितले जाते.

बंद पडलेल्या एका नियतकालिकातील दोन लेख अजून बाकी आहेत. त्याचे संकेतस्थळ गेले आहे; इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीन या जुन्या संकेतस्थळांच्या संग्रहात अनुक्रमणिकेचे पान मिळाले, पण लेखांच्या फाइली मिळाल्या नाहीत. सहलेखक सध्या शिरपूरला असतात आणि त्यांच्याकडे छापील अंक असल्याचे कळले आहे. तोवर या दोन लेखांची नोंद अनुक्रमणिकेच्या त्या पानाच्या दुव्यासह ऑर्किडवर ठेवली आहे.